मदत हवी आहे : किशोरवयीन मुलांच्या डांग्या खोकल्याच्या बूस्टरसाठी निवेदन

माझा मुलगा १४ वर्षांचा. सात आठवडे खोकत होता. रात्री उबळ आली की चेहरा लालबुंद व्हायचा आणि शेवटी उलटी. आधी सर्दीची औषधं झाली, मग दम्याची. डांग्या खोकला आहे हे कळेपर्यंत तो माझ्या जावेच्या पाच आठवड्यांच्या बाळाला झाला होता. बाळ फारसं खोकलंच नाही, त्याचा श्वासच मध्ये थांबायचा आणि ओठ निळे पडायचे. आता ते बरं आहे, पण ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो.

मुलाची त्रिगुणी लस आणि तिचे बूस्टर वेळच्या वेळी झाले होते. डॉक्टर म्हणाल्या, हे संरक्षण काही वर्षांत ओसरतं. आणि बाळाचा पहिला डोस सहा आठवड्यांनी, म्हणजे तोवर त्याला काहीच आधार नाही.

आम्ही काही पालक किशोरवयीन मुलांसाठी राष्ट्रीय बूस्टर कार्यक्रम सुरू करावा, असं निवेदन आरोग्य मंत्रालयाला देणार आहोत. अमेरिकेत टीडॅप ही लस २००५ मध्ये मंजूर झाली आणि तिथे ती ११-१२ व्या वर्षी देतात. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, तिन्ही एकाच टोचणीत.

अडलंय ते इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या भूमिकेनुसार तान्ह्या बाळांना वाचवायला गरोदरपणात आईला दिलेली लस जास्त उपयोगी पडते. बबून माकडांवरच्या प्रयोगांतही पेशीविरहित लशीने (म्हणजे अख्ख्या जंतूऐवजी त्याचे काही भागच असलेली लस, टीडॅप त्याच प्रकारची) आजार टळला, पण जंतूंचा प्रसार थांबला नाही. म्हणजे ‘मोठ्यांना टोचा, बाळं वाचतील’ हा माझा मुख्य मुद्दाच लंगडा पडतो. खोटा दावा मला करायचा नाही.

मग मागणी गरोदर स्त्रिया आणि किशोर दोघांसाठी एकत्र करावी का? किशोरांना टीडी (फक्त धनुर्वात आणि घटसर्पाची) लस देतातच तिथे तिच्याऐवजी टीडॅप द्या, वेगळी टोचणी नको, हा मुद्दा अधिकाऱ्यांना पटेल का? आणि रुग्णसंख्या कुठून दाखवायची? पीसीआर चाचणी खोकल्याच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच भरवशाची असते, मोठ्या मुलांची तोवर कुणी करतच नाही.

लसीकरणाच्या कामात असलेल्या कुणी आमच्या निवेदनाचा मसुदा वाचून दिला तर फार उपकार होतील. पुढच्या आठवड्यात तो द्यायचा आहे.