मदत हवी आहे: सोळाव्या वर्षी मुलाला हॉकीसाठी घराबाहेर पाठवावं का?

मिसिसागाकर

नमस्कार मंडळी. ही बर्फावरची हॉकी, मैदानातली नव्हे. पुण्याला फोनवर दर वेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून सवयीने आधीच लिहिलं.

आमचा लेक डिफेन्समध्ये खेळतो. यंदा ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने मुलं निवडतात त्यात, सातव्या फेरीत त्याचं नाव निघालं. ओएचएल म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओची ज्युनियर लीग, साधारण सोळा ते वीस वयाची पोरं. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, पोचणारे बरेच जण इथूनच जातात. टीमचं गाव आमच्या घरापासून साडेचार तासांवर. ऑगस्टअखेरीस निवडीचा कॅम्प आहे. तिथे घेतलं तर तो तिकडेच राहणार, बिलेटकडे, म्हणजे टीमने ठरवून दिलेल्या कुटुंबात. शाळाही तिथलीच. हंगामात 68 सामने, त्यातले निम्मे परगावी, रात्री-बेरात्री बसने परत.

बायको म्हणते, अकरावीतल्या पोराला परक्याच्या घरी ठेवायचं? मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे घरी राहून खालच्या ज्युनियर लीगमध्ये खेळायचं आणि पुढे अमेरिकेत कॉलेज हॉकी. रिंकवर एक गृहस्थ सांगत होते की एकदा ओएचएलमध्ये पाय ठेवला की अमेरिकन कॉलेजचं दार कायमचं बंद. हे खरं आहे का? आणि सातव्या फेरीतल्या मुलाने पुढची कितपत आशा धरावी?

खर्चाचं म्हणाल तर यंदा फी, स्केट्स, हॉटेलं धरून अठरा हजार डॉलर गेले. गाडी बारा वर्षं जुनी आहे, स्टिक मात्र दर दोन महिन्यांनी नवी. शिवाय गेल्या हिवाळ्यात डोक्याला मार लागून कन्कशन झालं, तीन आठवडे बर्फावर उतरू दिलं नव्हतं. आईच्या मनातून ते काही जात नाही.

थंडोबा

दादा, ते दार उघडलंय. या लीगमधल्या काही मुलांचे एनएचएलशी करार झालेले असतात, म्हणून एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था, अख्ख्या लीगलाच व्यावसायिक धरायची. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून तो लागू झाला. गॅव्हिन मकेना हा कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमधला सगळ्यांत गाजलेला पोरगा, तोच 2025 मध्ये पेन स्टेट या अमेरिकन विद्यापीठात गेला. याची दुसरी बाजूही बघा. आता एकोणीस-वीस वर्षांची तयार मुलं ज्युनियर संपवून कॉलेजकडे वळणार, म्हणजे अठराव्या वर्षी थेट तिथे जाणाऱ्याला जागा मिळणं अवघड होणार.

फरक खेळाच्या पद्धतीतही आहे. कॉलेजात सामने जवळपास निम्मे, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवार. आठवडाभर व्यायाम आणि सराव. अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलाला ते मानवतं. तुमचा लेक वर्षाच्या शेवटी जन्मलेला आहे का? ड्राफ्ट जन्मवर्षावर असतो, त्यामुळे जानेवारीतल्या मुलापुढे नोव्हेंबरचा मुलगा उगीच लहान दिसतो.

आशेचं म्हणाल तर एनएचएलमध्ये 32 टीम, प्रत्येकी 23 जणांचा चमू, म्हणजे 736 जागा. 2025-26 च्या हंगामात किमान पगार 7 लाख 75 हजार अमेरिकन डॉलर होता. डोळे दिपतात, पण त्याच्या एक पायरी खाली, एएचएलमध्ये, आकडा फार झपाट्याने उतरतो. नवख्यांच्या करारात बहुतेक वेळा दोन पगार लिहिलेले असतात, वर खेळलास तर हा, खाली पाठवलं तर तो. व्यावसायिक म्हणवणाऱ्या पुष्कळांची कारकीर्द याच वर-खालीमध्ये, नाहीतर स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये जाते. वाईट जगत नाहीत ते, पण तुमच्या लेकाला हे आत्ताच कळलेलं बरं.

फेरीचं फार मनावर घेऊ नका. अर्शदीप बेन्सला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. 2021-22 मध्ये तो पश्चिमेकडच्या लीगमध्ये गुणांत पहिला आला, त्याच हंगामात एनएचएलच्या व्हँकुव्हर टीमने करार केला. आणि मॅनी मल्होत्रा तर तुमच्याच मिसिसागाचा. ओएचएलमधून 1998 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला, 991 सामने खेळला. मार्च 2011 मध्ये डोळ्याला पक (खेळातली रबरी चकती) लागला, शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याच वर्षी अंतिम फेरीत उतरला. आता प्रशिक्षक आहे.

कोथरूडकर

त्यापेक्षा अभ्यासाला बसवा. खेळाने कोणाचं पोट भरलंय?

मिसिसागाकर

@कोथरूडकर, हेच वाक्य घरी आईकडून रोज ऐकतो, तिच्या हातच्या आमटीसकट. तुम्ही निदान आमटी तरी पाठवा.

रिंकवरची मावशी

आम्ही स्वतः बिलेट आहोत, सहा वर्षं झाली. घर परकं असतं, पण महिनाभरात मुलगा फ्रीज उघडताना विचारत नाही. आठवड्याला तीन डझन अंडी, सामन्याच्या दिवशी दुपारी झोप, त्या वेळी घरात मिक्सर लावायचा नाही. आमच्याकडचा अठरा वर्षांचा पोरगा जानेवारीत दुसऱ्या टीमला ट्रेड झाला, म्हणजे टीमने अदलाबदलीत देऊन टाकला. दुपारी फोन आला, संध्याकाळी बॅग भरून गेला. मी दोन दिवस त्याची खोली आवरली नाही. तुमच्या बायकोला म्हणावं, सही करण्याआधी बिलेटच्या घरी जाऊन जेवून या. कन्कशनचे रिपोर्ट टीमच्या डॉक्टरांना आधीच द्या. मुलं जागा जाईल या भीतीने डोकं दुखतंय हे लपवतात, आमच्या घरात पाहिलंय.

आणि शिष्यवृत्ती लेखी घ्या. ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची कॉलेजची फी मिळते, पण पुढे व्यावसायिक करार केला तर काय होतं, ते कलम नीट वाचा.

मिसिसागाकर

सगळ्यांचे आभार. @थंडोबा, लेक 9 नोव्हेंबरचा! काल टीमशी बोललो. सोळा वर्षांच्या मुलाला किती खेळवणार, याचं सरळ उत्तर काही मिळालं नाही. तूर्त कॅम्पला जायचं, सही कशावरच नाही, असं ठरलंय. मावशी, बिलेटकडे जेवायला जायचं बायकोने लगेच मान्य केलं, फक्त मेथीचे लाडू नेऊ का विचारते आहे. कॅम्पआधी करार वाचून देणारा, खेळाडूंच्या करारांतला जाणता वकील टोरांटो भागात कोणाला माहीत असेल तर व्यनि करा. एजंट लोकांचे फोन सुरू झालेत, त्यांना काय सांगायचं तेही कळत नाही.