स्वतः उभी केलेली कंपनी विकलीत, काय शिकलात?

ज्यांनी विकलीय त्यांनी लिहा. आकडा नको, अटी काय होत्या आणि पुढे काय झालं ते सांगा. गोपनीयतेच्या कलमांमुळे कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा.

---

मी सुरुवात करते. जाहीर होते ती किंमत आणि खात्यात येतात ते पैसे यात खूप फरक असतो. आमचा एक हिस्सा एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडे अडकवून ठेवलेला, आम्ही दिलेली एखादी हमी खोटी निघाली तर भरपाई त्यातून, आणि एक हिस्सा अर्न-आउट, पुढची टार्गेट्स गाठली तरच मिळणार. आता टार्गेट गाठायचं आम्ही पण बजेट आणि भरती ठरवणार खरेदीदार! म्हणून मी अडून बसले की टार्गेट नफ्यावर नको विक्रीवर ठेवा, कारण नफ्यातून ते हेड ऑफिसचा खर्चही वजा करू शकतात. वकील म्हणत होते जास्त ताणू नका, मी ताणलं, आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

---

टर्म शीटमधलं, म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींच्या सुरुवातीच्या कागदातलं, बरंचसं बंधनकारक नसतं, एक्सक्लुझिव्हिटी मात्र असते. सही केली की ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही, आणि मग ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीदार कंपनीची कागदपत्रं-हिशेब तपासतो तेव्हा, एकेक खुसपट काढून किंमत खाली येते. जे मागायचंय ते त्या सहीच्या आधी मागा.

---

आमच्याकडे गुंतवणूकदार होते. लिक्विडेशन प्रेफरन्समुळे त्यांची रक्कम आधी त्यांना, उरलं तर बाकीच्यांना, आणि पार्टिसिपेटिंग असेल तर त्या उरलेल्यातही पुन्हा वाटा. ऑफर आल्या आल्या मी कोणाला किती मिळणार याचा तक्ता करून घेतला. सुरुवातीपासून राबलेल्या मुलांच्या ईसॉपचं (कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर्सच्या हक्काचं) मोल जवळजवळ शून्य! फार लागलं ते मनाला. शेवटी गुंतवणूकदार आणि खरेदीदार दोघांना बसवून टीमसाठी वेगळी रक्कम काढायला लावली, तेव्हाच मी सही केली.

---

इन्स्टाग्राम २०१२ मध्ये विकलं गेलं, दोघे संस्थापक २०१८ पर्यंत टिकले. मला तेवढं जमलं नसतं. जिथे आपला शब्द शेवटचा होता तिथेच छोट्या खर्चाला मंजुरी मागायची, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. नॉन-कॉम्पिट, म्हणजे स्पर्धा न करण्याचं कलम, असल्याने बाहेर पडल्यावरही त्याच क्षेत्रात लगेच काही करता येईना, म्हणून त्याची मुदत आणि व्याप्ती दोन्हीवर भांडा.

आणि वर टीमसाठी रक्कम काढून घेतलीत ते वाचून खरंच बरं वाटलं. ती फक्त राहिलेल्यांना मिळाली की आधी सोडून गेलेल्यांनाही? आमच्याकडे यावरूनच मनं दुखावली होती.