पट्ट्या, धूर आणि फ्लॅश
क्लबमध्ये एलईडी भिंतीसमोर काढलेल्या फोटोंत आडव्या काळ्या पट्ट्या येतात, अशी एकाची तक्रार आहे. बहुधा सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं असेल. मेकॅनिकल लावा, शटरचा वेग १/१५ सेकंदावर आणा. फुलफ्रेम (मोठ्या, ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १६००, फोकस हातानेच २ मीटरवर. साधारण सव्वा ते पाच मीटर नीट येतं आणि धुरात ऑटोफोकस भिरभिरायचा प्रश्नच नाही. फ्लॅशची ताकद १/६४, रिअर कर्टन, म्हणजे शटर बंद होता होता उडणारा. तो कॅमेऱ्यावर मात्र नको, समोरचा धूरच उजळतो आणि चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात. डाव्या हातात, हातभर लांब धरा. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते. बाकी बर्लिनच्या बर्घाइन क्लबमध्ये ही सगळी तयारी वाया: दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात.