सल्ला हवा: खाण्याची नोंद ठेवायला वही कोणती? (बजेट १०० रु.)

अमळनेर_किराणा: राम राम मंडळी. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलंय. डॉक्टर म्हणाले काठावर आहात, गोळी नको, आधी महिनाभर खाल ते लिहून आणा. जेवण साधंच, कळण्याची भाकरी नि भाजी. घोळ दुपारी चारनंतर. गिऱ्हाईक नसलं की हात शेवेच्या डब्यात. मोबाइल पोरगा पळवतो, म्हणून अ‍ॅप नको. वही कशी घ्यावी, काय लिहावं?

तापीकाठ: भो, मी ६५० ची ऑनलाइन मागवली. कडक पुठ्ठा, रेशमी फीत, पाण्याचे ग्लास रंगवायची सोय. बजेट थोडं वाढवा.

भुसावळ_शिफ्टवाला: डायरी-बियरी सोडा, हातातलं घड्याळ घ्या. पावलं, झोप, ठोके, सगळं. मला चार हजारांना पडलं.

अमळनेर_किराणा: घड्याळाला शेव दिसते का?

भुसावळ_शिफ्टवाला: नाही. पण पावलं दिसतात.

नंदुरबारी_मिरची: लिहून बारीक होता आलं असतं तर सगळे तलाठी काडीसारखे असते.

धुळ्याची_माहेरवाशीण: वही कुठलीही घ्या, दहा रुपयांची चालेल. पण तोंडात घालायच्या आधी लिहा. रात्री आठवून लिहायला बसलं की नेमका फरसाणच आठवत नाही. रकाने: वेळ, काय, किती (वाटी-मूठ चालते), भूक ० ते १०. शेवटचा रकाना मी वाढवला, तेव्हा काय चाललं होतं. माझ्या वहीत ‘५.२०, चिवडा, दोन वाट्या, भूक २, सासूबाईंचा फोन’ असं निघालं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

तापीकाठ: माझ्या डायरीत हे सगळे रकाने छापूनच येतात.

जळगाव_पिंप्राळा: वहीपेक्षा तेलाचा डबा बघा. माणशी रोज २५ ग्रॅम धरलं तरी चौघांना महिन्याला ३ किलो पुरतं. आमच्याकडे ५ संपायचं, निम्मं भरताच्या फोडणीत.

यावलकर: तेल कमी केलं तर ते भरीत नाही, वांग्याची चटणी.

जळगाव_पिंप्राळा: बामणोदचं वांगं कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजून बघा, मग बोला.

यावलकर: आम्ही काय गॅसवर भाजतो का?

चोपडा_फार्मसी: मूळ विषयावर येऊ. २००८ साली अमेरिकेत सुमारे १७०० जणांचा अभ्यास छापून आला. रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट घटलं. मात्र त्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शनही होतं, नुसत्या वहीचा चमत्कार नव्हे. आणि कॅलरी मोजत बसू नका. आधीच खाण्याची धास्ती घेतलेल्या पोरींना तर ते मोजमाप अजिबात लावू नका.

धुळ्याची_माहेरवाशीण: तेच म्हणते मी, वाटी-मूठ पुरे.

भुसावळ_शिफ्टवाला: माझ्या घड्याळात कॅलरीपण येतात.

अमळनेर_किराणा: आभार सगळ्यांचे. नवीन वही घेतच नाही. उधारीच्या वहीत माझ्याच नावाचं पान उघडलंय. शेव काढली की आधी काट्यावर, मग वहीत, गिऱ्हाइकाच्या भावाने. ताई, तुमचा भुकेचा रकाना समासात घेतला. काल दुपारी ४० ग्रॅम, भूक १, समोरचं दुकान बंद, बोलायला कुणी नाही. महिन्याअखेर पैसे गल्ल्यात टाकायचे, हिशेब बायको तपासणार.

नंदुरबारी_मिरची: उधारी थकवाल तुम्ही.

तापीकाठ: कुणाला ६५० ची डायरी हवी का? पहिली आठ पानंच भरली आहेत. ३०० ला देतो.