ॲरेला 'तास' म्हणावं का?

धुरेकरी: यवतमाळकडच्या आमच्या गावात चार पोरांना जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतोय. ॲरेला, म्हणजे ओळीने किमती ठेवायच्या यादीला, 'सारणी' म्हटलं की पोरं कोष्टक काढायला घेतात. म्हणून 'तास' म्हणू लागलो. घड्याळातला नव्हे, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या ओळीचा; एका ओळीत झाडं, प्रत्येकाची जागा ठरलेली. पण पहिलं झाड शून्यावर कसं, हे कोणालाच पटत नाही.

वखरपाळी: त्याच शब्दात पटवा की. शून्य हा झाडाचा नंबर नाहीच. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, किती झाडं ओलांडली, एवढंच तो सांगतो. पहिल्यासाठी एकही नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली होती. सुरुवात धरायची, शेवटची मर्यादा सोडायची, म्हणजे पाच झाडांना शून्य ते पाचच्या आत. लूपला, म्हणजे तेच काम एकेका झाडापाशी पुन्हा पुन्हा करण्याला, मी 'फेरा' म्हणते. 'आवर्तन' ऐकलं की तबलाच आठवतो.

कास्तकाराचं पोट्टं: फेरा झकास! आन् फेरा कुठं थांबवायचा त्या अटीत 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' लिवलं, का डवरा धुऱ्यापलीकडं. गावात यावरून तहसीलपर्यंत भांडण जाते. जावास्क्रिप्ट मुकाट्यानं 'अनडिफाइन्ड', म्हंजे 'किंमतच नाही', देते. सी भाषेत मातर खरोखरच दुसऱ्याच्या वावरात घुसू शकते.

धुरेकरी: अजून एक सापडलं. रिकाम्या ॲरेत शून्यावर आणि थेट पाच या क्रमांकावर किंमत ठेवली तर लांबी सहा येते, मधे चार जागा रिकाम्या. आपण त्यांना 'खाडे' म्हणतो, बी उगवलं नाही ती जागा. जावास्क्रिप्टमधल्या फेऱ्यांपैकी फॉरईचचा फेरा खाडे ओलांडून जातो. फॉर-ऑफ मात्र प्रत्येक खाड्यापाशी थांबतो आणि 'अनडिफाइन्ड' देतो.

वखरपाळी: 'खाडे' उचललाच म्हणून समजा! पण 'तास' एका ठिकाणी अडतो. झाड उपटलं तर मागची झाडं सरकत नाहीत, खाडा पडतो. ॲरेत मात्र स्प्लाइस या आज्ञेने मधलं काढलं की मागची सगळी एकेक जागा पुढे येतात. फेरा चालू असतानाच काढलं तर लगतचं झाड हुकतं. माझा अर्धा रविवार त्यात गेलाय.

कास्तकाराचं पोट्टं: मंग 'रांग' म्हना. रेशनच्या रांगेतून एक निंगाला का मागचे सरकतेत.

वखरपाळी: रांग मी क्यूसाठी राखून ठेवलीय, आधी आला तो आधी बाहेर अशा रचनेसाठी. तिथे मधूनच कोणाला काढता येत नाही, निदान नियमाप्रमाणे.

धुरेकरी: तर मग तूर्त तासच. स्प्लाइसच्या दिवशी पोरांना सांगीन, की हे वावर जरा येगळं हाय बाप्पा.