लेखाखालचं नाव: टोपणनाव, लेखननाव की आणखी काही?

अंकवाली:
आम्ही काही जण मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. लेखकांना दरवर्षी एक अर्ज जातो, त्यात दोन रकाने असतात. पहिला बँकेच्या खात्यावरच्या नावाचा, म्हणजे मानधनासाठी. दुसरा लेखाखाली जे नाव छापायचं त्याचा. या दुसऱ्या रकान्यावर आजवर ‘टोपणनाव (असल्यास)’ असं छापलेलं आहे. त्यामुळे होतं काय, की बरेच जण तो कोराच सोडतात आणि एखादा भाबडेपणाने ‘बंडू’ लिहून मोकळा होतो. एका प्राध्यापिकाबाईंना माहेरच्या आडनावानेच लेख हवा होता. पण ते काही टोपणनाव नव्हे, म्हणून त्यांनी रकाना भरला नाही आणि पानं लागल्यावर त्यांचा फोन आला. आता अर्ज नवा करतोय. ‘लेखननाव’ घालावं असं मला वाटतं. सहसंपादक म्हणतात, हा शब्द कोण बोलतं? त्यांना ‘उपनाम’ हवंय. काय करावं?

जुळारी:
‘उपनाम’ मुळीच नको. मराठीत उपनाव म्हणजे आडनाव. जुन्या कुलवृत्तांतांत गोत्र आणि कुलदैवताच्या शेजारी ‘उपनाव’ बसलेलं असतं, तेच हे. हिंदीतही या शब्दाची ओढाताण आहेच: कवीने घेतलेलं नाव ते उपनाम आणि आडनाव तेही उपनाम. तुमच्या अर्जावर तो शब्द आला, तर लोक नुसतं ‘कुलकर्णी’ लिहून पाठवतील.

‘टोपणनावा’ची अडचण वेगळी आहे. टोपण म्हणजे झाकण, पेनाला असतं ते. त्यामुळे या शब्दात लपवाछपवीचा वास येतो. शिवाय घरात हाक मारायचं नावही टोपणनावच. तुमच्या ‘बंडू’ची काही चूक नाही, त्याने प्रश्नाला बरोबर उत्तर दिलंय.

मात्रावृत्त:
लपवाछपवीबद्दल थोडं. मराठी कवींची गाजलेली नावं पाहिली तर झाकण्यापेक्षा नातं सांगण्याचाच सोस जास्त दिसतो. कृष्णाजी केशव दामले झाले केशवसुत, म्हणजे वडिलांचं नाव उघड्यावर आणि स्वतःचं गायब. राम गणेश गडकऱ्यांचा धाकटा भाऊ गोविंद, म्हणून ते गोविंदाग्रज. शिरवाडकरांची बहीण कुसुम, म्हणून कुसुमाग्रज. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला. स्वतःची ओळख धाकट्या भावंडावरून सांगायची, ही मला फार गोड रीत वाटते. संतांकडे पाहिलं तर तिथेही हेच. ‘नामयाची जनी’त जनाबाई नामदेवांचं बोट धरून येतात आणि ‘एका जनार्दनी’त एकनाथांना गुरूचं नाव सोडून स्वतःचं सांगताच येत नाही.

दुसरी गोष्ट अंकवालींच्या जास्त कामाची. एकाच माणसाची दोन-तीन नावं असतात ती पुष्कळदा लेखनाच्या प्रकारानुसार. गडकरी नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितेखाली गोविंदाग्रज आणि विनोदी लेखाखाली बाळकराम. ‘विशाखा’ (1942) कुसुमाग्रजांची, पण ‘नटसम्राट’ (1970) वि. वा. शिरवाडकरांचं. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरीवर खानोलकरच, कवितेत मात्र आरती प्रभू, आणि ते नाव बाईचं की बुवाचं हे वाचकाने आपलं आपण ठरवायचं. यातलं कुठलंच नाव तोंड लपवण्यासाठी नव्हतं. वाचकाला पाटी दाखवण्यासाठी होतं: आज दुकानात कविता आहे, आज नाटक आहे. म्हणून रकाना ‘असल्यास’ नको. तो प्रत्येकाने भरायचा आणि दर लेखाला नव्याने भरायचा.

कोल्हापुरी ठसका:
उर्दू शायर घेतात ते नाव, तखल्लुस, राहिला की!

मात्रावृत्त:
राहिला नाही, मुद्दाम बाजूला ठेवला. तखल्लुस गझलेच्या आत असतो, शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात. लेखाखालचं नाव मजकुराच्या बाहेर असतं. तखल्लुसाचा मराठीतला सख्खा भाऊ म्हणजे अभंगातली नाममुद्रा: ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. लावणीत शाहिराचं नाव शेवटी येतं तेही त्याच घरातलं. आणि ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ किंवा ‘गुणिदास’ येतं तेही. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही, तोंडातोंडी गाणं पुढे जाणार. मग नाव ओळीतच विणून टाकायचं म्हणजे गळणार नाही. गळत नाही हे खरं, पण चिकटवता मात्र येतं. कुणीही चार चरण जुळवून खाली ‘तुका म्हणे’ लावावं, आणि गाथेच्या संपादकांनी पुढे डोकं धरून बसावं. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा हे दुसरे कवी मिसळले ते नावाच्या सारखेपणानेच.

कोल्हापुरी ठसका:
मान्य. तरी आमच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांचं काय? फारसी-मराठी कोश (1925) केला, मराठीत गझल रुजवली आणि नाव घेतलं माधव ज्यूलियन! सगळी फारसी हाताशी असताना विलायती नाव. यात नातं कुठे आलं?

मात्रावृत्त:
आलं नाही. अपवाद म्हणून घ्या. कवी ग्रेसही घ्या हवं तर.

तालिका:
ग्रंथालयात सूची करते, त्या बाजूने बोलते. शब्द कोणताही घाला, पण लेखकाला सांगा की एकदा ठरवलेलं नाव अक्षर न अक्षर तसंच ठेवा. एका लेखावर पूर्ण तिहेरी नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गाळून, असं झालं की सूचीत एका माणसाचे तीन होतात. आडनावासकट असलेलं नाव आम्ही ‘देशपांडे, पु. ल.’ असं उलटं करून लावतो. कुसुमाग्रजांना उलटं करता येत नाही, ते सरळ ‘क’मध्ये जातात आणि ‘शिरवाडकर, वि. वा.’ इथे ‘कुसुमाग्रज पाहा’ अशी नोंद ठेवावी लागते. वाचक तरी कुठे ऐकतात म्हणा, त्यांनी जीए, वपु, गदिमा ही नावं परस्पर करून टाकली आणि आता तीच खरी वाटतात.

बायकांची अडचण खरी आहे. पूर्वी ‘सौ.’ लावून नवऱ्याच्या नावासकट छापायचे. आता कुणी माहेरचंच ठेवतं, कुणी दोन्ही आडनावं लावतं. संशोधन करणाऱ्यांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, 2012 पासून. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. आपल्याकडचे ललित लेखक सहसा असा क्रमांक वापरत नाहीत, त्यामुळे नावच जपायला हवं. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘अ‍ॅड.’ यांना सूचीत आम्ही काडीची किंमत देत नाही. पण लेखाखाली ते हवं की नको हे लेखकाला विचारा. आहारावरच्या लेखाखाली ‘डॉ.’ असेल तर वाचक वेगळ्या विश्वासाने वाचतो. कवितेखाली तेच ‘डॉ.’ मला तरी स्टेथोस्कोप घालून लग्नाला आल्यासारखं वाटतं.

जुळारी:
आणि ‘ऊर्फ’ टाळा. ‘ऊर्फ’ आलं की पुढे ‘यास अटक’ येईल असं वाटतं.

सनदवाली:
दोन रकाने आहेत ते फार चांगलं, एकात उरकू नका. टोपणनावाने काढलेला धनादेश खात्यात जमा होत नाही ही साधी गोष्ट झाली. दुसरी कायद्याची. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 23 प्रमाणे निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं धरतात. त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली, तर तीच 60 वर्षं लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. तरुणपणी लिहिलेल्या पुस्तकाच्या बाबतीत हा फरक कितीतरी दशकांचा होतो. तेव्हा खरं नाव तुमच्या दप्तरी नोंदलेलं असू द्या आणि ‘हे नाव गुप्त ठेवावे’ अशी चौकट अर्जात द्या. सगळेच पाटी दाखवण्यासाठी नाव बदलत नाहीत. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आलं आणि त्यावर केवढं वादळ उठलं. मालतीबाई बेडेकरांना आडोसा लागत होताच. मात्रावृत्त, तुमच्या गोड नात्यांच्या यादीत हे बसत नाही.

मात्रावृत्त:
बसत नाही. तिथे टोपण हा शब्द अगदी चपखल आहे.

जुळारी:
‘निनावी’ हा शब्द मात्र अर्जात कुठेही नको. निनावी म्हटलं की साहेबाविरुद्धचं पत्र आठवतं. वर्तमानपत्रात आम्ही ‘नावानिशी’ म्हणायचो: बातमी नावानिशी गेली, म्हणजे ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ न जाता वार्ताहराचं नाव लागलं. नवी मुलं बायलाइन म्हणतात. बातमीला तोच शब्द बरा, पण ललित लेखाला कुणी बायलाइन म्हणत नाही.

तालिका:
जाता जाता एक. पहिला मराठी दिवाळी अंक म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘मनोरंजन’चा, 1909 चा. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. त्यांचं मूळ आडनाव आजगावकर. म्हणजे तुमच्या धंद्याचा मूळपुरुषच घेतलेल्या आडनावाने छापत होता.

अंकवाली:
हे सहसंपादकांना ऐकवते. मग असं करते: पहिला रकाना ‘बँक खात्यावरील नाव’. दुसरा ‘लेखाखाली छापायचं नाव’, खाली बारीक अक्षरात ‘पदवी, आद्याक्षरे, आडनाव जसं हवं तसंच लिहावं, खरं नावच हवं असल्यास तेही इथे पुन्हा लिहावं’. आणि गुप्ततेची चौकट. ‘लेखननाव’ सोडून दिलं.

जुळारी:
ठीक. फक्त ‘छापायचे’ करा, ‘लिहावे’ करा. एकाच ओळीत आधी ‘आद्याक्षरे’ आणि पुढे ‘लिहावं’, असा अर्ज लेखकांकडे गेला तर रकाना कोराच येईल आणि सोबत शुद्धलेखनावर दोन पानी पत्र.