अनुभव धागा: सोलापुरात एलजीबीटी समतेसाठी उघडपणे उभं राहताना

स्वतः समलिंगी किंवा तृतीयपंथी नसूनही त्यांच्या बाजूने चौकात उभे राहता ना? मग इथे भाषण नको, कामाचं लिहा.

शेंगाचटणी: इंद्रधनुषी झेंडा बाहेरून कशाला मागवता, गावात कापडाला काय तोटा! ३ × २ फुटांसाठी सहा पट्ट्या: वरून लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी. शिवल्यावर प्रत्येकी ४ इंच राहावी म्हणून ५ इंच रुंद कापा. लांबी ३९ इंच. अडीच इंच नेफ्याला (काठी घालायची पोकळ शिवण), अर्धा दुमडीला. एक इंची पाइप सहज जातो. सुती लाल आधी वेगळं धुवून रंग काढा, नाहीतर पावसात पिवळ्यापर्यंत ओघळतो. टेरीकॉटला ही कटकट नाही.

पूनमगेटकर: शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश बऱ्याचदा लागू असतो, तेव्हा पोलिसांची परवानगी आधी. अर्ज दोन प्रतींत: तारीख, वेळ, जागा, अंदाजे माणसं. स्पीकरचा उल्लेख स्पष्ट हवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. अर्जावर नाव-पत्ता जातो आणि घरी न सांगितलेल्याला तेच नको असतं. म्हणून सह्या आपण करायच्या. आपला खरा उपयोग तिथेच. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तारीख धरू नका, सगळा बंदोबस्त यात्रेत असतो.

पुठ्ठा_आणि_मार्कर: ‘३७७ रद्द करा’चे (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं कलम) जुने फलक आता फेका. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून सुटले, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. (पुरुषावरच्या बळजबरीसाठी तेच कामाला यायचं, तेही गेलं, पण हे फलकावर मावत नाही.) आता लग्न, दत्तक, वारसा लिहा. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडला, तेव्हा निवेदन खासदारांच्या नावे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू वस्ती मोठी, तिथे पत्रकापेक्षा तेलुगू बोलणारा सोबती जास्त चालतो.

शेंगाचटणी: फोटोचं राहिलं. पुढच्या रांगेत ज्यांची हरकत नाही तेच. बाकीच्यांचे पाठमोरे, तेही विचारून. इथे कुणाचा ना कुणाचा मामा ओळखीचा निघतोच.

पूनमगेटकर: पत्रकारांनाही तसंच आधी सांगा. आणि माईक आपल्या हातात पाच मिनिटांवर नको. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना बोलू द्या.